सासूबाई, हल्ला करा!

सुवर्णाला तपकिरी पट्टा हवा होता. नुसता हवा नव्हता, जीव टांगणीला लागला होता तिचा त्या पट्ट्यासाठी. पट्टा मिळाला की मखमलाबाद रस्त्यावरच्या सोसायटीच्या हॉलमधली मुलींची कराटेची बॅच तिच्याकडे द्यायची, असं तिला शिकवणाऱ्या दिनेश सरांनी कबूल केलं होतं. लग्न झाल्यापासून अमक्याची बायको आणि तमक्याची सून ऐकून बिचारीचे कान किटले होते. आपल्याला एकदा कुणीतरी 'मॅडम' म्हणावं, एवढीच काय ती हौस. यात काही वावगं आहे का, तुम्हीच सांगा!

आता कराट्यात काता नावाचा एक प्रकार असतो. समोर कुणी नसताना हवेतल्या हवेत ठरलेले वार अडवायचे, वळायचं, पुन्हा अडवायचे. ते सुवर्णाला झोपेतून उठवलं तरी यायचं. भाजी निवडताना, गॅसपाशी उभ्या उभ्या तिचं चालूच असायचं. नवरा ओझरच्या कारखान्यातून घरी आला की आधी दारातून डोकावून बघायचा, हातवारे संपलेत ना, आणि मगच आत यायचा. पण परीक्षेत नुसता काता पुरत नाही. समोर माणूस उभा करून दाखवावं लागतं, की बाबा, हा हात इथे का जातो आणि त्याने नेमकं काय अडतं. याला म्हणायचं बुंकाई. आणि बुंकाईला हल्ला करणारा लागतो.

सुवर्णाची हल्ला करणारी म्हणजे चैताली. दोघींनी महिनाभर सगळं घोटून पक्कं केलं होतं. आणि ऐन परीक्षेच्या सकाळी चैतालीचा निरोप आला, मावसबहिणीची हळद आहे, घरचे सोडत नाहीत. आता बोला! बाकीच्या मुली आपापल्या जोडीत अडकलेल्या. बाहेरून आलेले परीक्षक सावळीराम सर खुर्चीत बसून जांभई देत म्हणाले, "जोडीदार नाही तर बुंकाई नाही. बुंकाई नाही तर पट्टा नाही."

तेवढ्यात हॉलच्या दारात चपला काढून सुलाबाई आत आल्या. या तिच्या सासूबाई. मार्केटात मेथी उतरवून सुनेला डबा द्यायला आल्या होत्या. अंगाने काटक, आणि जन्म मळ्यातले मुळे उपटण्यात गेल्यामुळे हाताची पकड अशी, की बरणीचं झाकण घट्ट बसलं तर शेजारचे पुरुष त्यांच्याकडे बरणी घेऊन यायचे.

"या आजी चालतील," सावळीराम सर म्हणाले. "आजी, हिच्यावर हल्ला करा."

"काय करू?"

"मारा हिला!"

सुलाबाईंनी डबा छातीशी धरला. "सुनंवर हात उचलू? समद्यांच्या देखत? मळ्यात तोंड दाखवायला जागा राहील का मला? नाय जमायचं."

दिनेश सरांनी हातापाया पडून त्यांना मॅटवर आणलं. नियमाप्रमाणे आधी एकमेकींना नमस्कार करायचा, कमरेत जरासं वाकून. सुवर्णा वाकली खरी, पण समोर सासू! हात पदर सावरायला गेला, पदराऐवजी पांढऱ्या सदऱ्याची कॉलर हाती आली, आणि तीच डोक्यावर ओढायचा प्रयत्न करत ती थेट पायांपर्यंत पोचली.

"अखंड सौभाग्यवती राहा," सुलाबाई म्हणाल्या.

"पुन्हा!" सावळीराम सर ओरडले. "नुसतं वाका."

सुवर्णा पुन्हा वाकली आणि पुन्हा पायांशीच गेली. सवय हो, सवय! सुलाबाईंनी पुन्हा आशीर्वाद दिला, आणि या वेळी पिशवीतून काढून एक पेरूही हातावर ठेवला. परीक्षा बघायला भिंतीशी बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. सुवर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी हल्ला झाला. म्हणजे सुलाबाईंनी मूठ वळली, ती हळूच सुनेच्या खांद्यावर टेकवली, आणि आलोच आहोत तर म्हणून कॉलरही सरळ केली. सुवर्णाने जिवाच्या आकांताने हात फिरवून वार अडवला. पण वार असेल तर अडणार ना!

"हा हल्ला आहे की ओटी भरताय?" सावळीराम सरांनी पेनाला टोपण लावलं. "शेवटची संधी देतो. नाहीतर पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष! सुवर्णाच्या डोळ्यांपुढे ती बॅच दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेली दिसली. रडू आवरत नव्हतं. आणि त्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही वालाचं बी राखेत घालून ठेवलं होतं ना डब्यात? परवाची उसळ मी त्याचीच केली. तुम्ही दोनदा मागून घेतलीत."

घरचं बी! सुलाबाईंच्या सासूने जपलेलं, पिढ्या न् पिढ्या चालत आलेलं! तिथल्या निम्म्या बायका मळेवाल्यांच्या घरातल्या. त्यातल्या एकीने चक्क डोळे मिटून घेतले.

"काय म्हणलीस, भवाने?" असं म्हणत सुलाबाई निघाल्या. बुक्की नाही, लाथ नाही. सरळ येऊन त्यांनी सुनेचा अंबाडा धरला, आणि मुळा उपटावा तसा हिसका दिला.

आता त्या कात्यात एक जागा अशी होती, की दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाबायचे आणि गर्रकन वळून खाली वाकायचं. ते कशासाठी, असं सुवर्णाने कितीदा तरी विचारलं होतं. दिनेश सर दर वेळी म्हणायचे, "ते दिसायला छान असतं." तर ते कशासाठी, हे तिच्या हातांना आत्ता कळलं. हात आपसूक वर गेले, सासूचा पंजा डोक्यावरच दाबला गेला, कंबर वळली, पाठ वाकली, आणि सुलाबाई मनगट वाचवायला म्हणून ज्या खाली गेल्या, त्या थेट मॅटवर बसल्या.

"अगं बाई!" भिंतीकडून आवाज आला.

सावळीराम सर खुर्चीतून उठलेच होते. दिनेश सर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून वळून बघत होते.

सुवर्णा धाडकन गुडघ्यांवर आली. "आई, लागलं का हो? मी खोटं बोलले. बी डब्यातच आहे. शप्पथ!"

"ठाव हाय मला," सुलाबाई मनगट चोळत म्हणाल्या. "सकाळीच पाहून आले."

"मग एवढ्या जोरात का धरलंत?"

"इतकं खोटं बोलायची पाळी आली तुझ्यावर. म्हनलं, लयच पायजेल हाय पोरीला तो पट्टा. मंग नीट धरायला नको?"

सुवर्णाने त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. सावळीराम सर जवळ आले, घसा खाकरला, आणि तपकिरी पट्टा तिच्या हातात देत म्हणाले, "बुंकाई उत्तम. मॅडम, मुलींना हीच शिकवा."

मॅडम! सुवर्णाला आणखी रडू फुटलं. सुलाबाई मात्र मॅटवरून उठायचं नाव घेईनात. त्यांनी कमरेचा मोबाइल काढला आणि हरसूलच्या आपल्या बहिणीला, सखुबाईला, फोन लावला.

"अगं सखे, सुनंनं आपटलं मला! हां, हॉलमधी, समद्यांच्या देखत! अगं रडतीस काय? ऐक तर! तुझी सून इतकी वर्सं झाली आलीया घरात. तिनं पाडलं का तुला एकदा तरी?"