जो जन्मलाच नव्हता त्याचा आत्मा

हिवरखेडच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये हजारभर माणूस बसलं होतं आणि कुणी खोकतही नव्हतं. समोर पांढरा जाळीचा पडदा, त्याच्यामागून वर चढणारा धूर आणि पडद्याशेजारी भगव्या रेशमात, गालाला माइक चिकटवलेले छायानंद महाराज.

"मोबाइलचे तरंग डोळ्यांना दिसतात का?" महाराजांनी विचारलं.

"नाही!"

"पण फोन लागतो की नाही?"

"लागतो!"

"मग आत्म्याचे तरंग नसतात, असं कोणत्या शहाण्यानं सांगितलं? आत्म्यालाही रेंज लागते, माउली. श्रद्धा म्हणजे रेंज. शंका आली की नेटवर्क गेलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्मा आला तर महाराजांचं सामर्थ्य, नाही आला तर तुमची शंका. बेरकी माणूस एका वाक्यात आपली पळवाट बांधून मोकळा झाला होता. मी अकोल्याच्या एका दैनिकाची इथली वार्ताहर. वहीत हे वाक्य लिहून घेताना मला हसू येत होतं.

मग दिवे मंदावले, धुरात एक चेहरा उमटला आणि माझं हसू गेलं. ती आचल होती, माझी मावसबहीण. दोन वर्षांपूर्वी अकोटच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडून वारलेली.

तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. किंचित मान कलती करून म्हणाली, "आई, मी इथे सुखात आहे. मला तुझी काळजी वाटते. त्या सुया टोचून घेऊ नकोस. सुयांमुळे आपल्यातले तरंग तुटतात. महाराजांचं तीर्थ घे."

माझ्या शेजारी बसलेली दुर्गामावशी उभी राहिली. दोन्ही हात पडद्याकडे पसरून ती म्हणाली, "अव माय, माही आचल!"

मावशीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचे यजमान, जानरावकाका, तिला एसटीनं अकोल्याला डायलिसिसला घेऊन जात. महाराज आले म्हणून त्या शुक्रवारी दोघं पहाटेच्या एसटीनं जाऊन आली होती.

परत जाताना मी तिला म्हटलं, "मावशी, आचल कधी 'मला' म्हणायची का? ती तर 'मले' म्हणे."

मावशी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तिकडं गेल्यावर शुद्ध बोलाले लागली पोट्टी."

संध्याकाळी मी बातमी पाठवली. महाराजांचे दावे अवतरणचिन्हांत घातले, सुयांचं वाक्य गाळलं. मावशीचं दुखणं कशाला चव्हाट्यावर आणायचं, असं वाटलं. डेस्कनं मथळा दिला : 'मृतात्म्यांचे दर्शन : चमत्कार की विज्ञान?' त्या प्रश्नचिन्हाच्या आड मी स्वतःला सुरक्षित समजत होते. दुसऱ्या दिवशी महाराजांच्या माणसांनी 'की विज्ञान?' एवढं कापून उरलेला मथळा गावोगावच्या ग्रुपवर फिरवला.

मंगळवारी जानरावकाकांचा फोन आला. "रश्मी, तुई मावशी दवाखान्यात येत नाई म्हणते. पाय सुजून राहिले तिचे. डॉक्टरचा फोन आला तर बंद करून टाकला."

मी धावत गेले. मावशी महाराजांकडून विकत आणलेलं तीर्थ पितळी गडव्यातून घोट घोट पीत बसली होती.

"काहून जाऊ मी?" ती म्हणाली. "पोरीनं मना केलं न मले. तिच्या जित्तेपणी तिचं एक आयकलं नाई. आता तरी आयकू दे."



मी अकोल्याला दीक्षा मॅडमकडे गेले. त्या एका महाविद्यालयात ॲनिमेशन शिकवतात. यंत्रानं बनवलेला खोटा व्हिडिओ पत्रकारांना ओळखता येतो का, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. त्यांच्या एका कार्यशाळेत मी बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "महाराजांनी मावशीच्या घरून काय काय नेलं होतं?"

काय नेलं होतं? एक अर्ज भरून घेतला होता. आचलचा एक फोटो, मावशीनं मोबाइलमध्ये जपून ठेवलेला तिचा व्हॉइस मेसेज, 'आई, बस चुकली, वाट पाहू नको'. आणि अर्जात एक प्रश्न होता : घरात कुणाला कोणता आजार, कोणता उपचार?

"पुरे झालं एवढं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझाच फोटो घेतला, माझा दहा सेकंदांचा आवाज घेतला आणि चहा येईपर्यंत पडद्यावरची रश्मी न अडखळता बोलू लागली. मी आयुष्यात कधी न उच्चारलेली वाक्यं, माझ्याच आवाजात.

तो व्हिडिओ मी मावशीला दाखवला. तिनं शांतपणे पाहिला. "हे तुमचं नाटक होय, बाई. महाराजाचं खरं आहे."

मग मी मॅडमकडे एक भलतंच मागणं केलं. "आचलच्या आवाजात बनवून द्या. 'आई, दवाखान्यात जा,' एवढंच."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "बनवता येईल, रश्मी. पण उद्या महाराजांची आचल म्हणेल, कालची आचल खोटी होती. मावशी कोणत्या आचलवर भरोसा ठेवतील? आणि पोरीच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं, तर मग त्याच्यात न् आपल्यात फरक काय राहिला?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तरीही मी अजून कितीदा तरी विचार करते, की तेव्हा हट्ट धरायला हवा होता.

आम्ही दुसरा मार्ग धरला. मॅडमनी आजोबांच्या दर्शनासाठी अर्ज भरला. नाव चंद्रभान, सोबत फोटो आणि आवाज. त्यापुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारचा नंबर लागला. मधल्या दिवसांत मी रोज मावशीकडे जात होते, हात जोडत होते. शुक्रवार गेला, मंगळवार गेला. तिला आता आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसायची.

शुक्रवारी शेड आणखी भरली होती. माझ्याच बातमीनं भरली होती. काकांनी मावशीला खुर्चीवर बसवून आणलं होतं. धुरातून पांढऱ्या मिशांचे चंद्रभान आजोबा प्रकटले. "बेटा, मी इथे सुखात आहे. मला तुझी काळजी वाटते," ते म्हणाले.

"ओळखलंस, बेटी?" महाराजांनी विचारलं.

"ओळखलं," दीक्षा मॅडम उभ्या राहिल्या. "माझ्या विद्यार्थ्यांच्या ॲनिमेशनपटातलं पात्र आहे हे. चेहरा आम्ही कॉम्प्युटरवर घडवला, आवाजही. हा माणूस कधी जन्मलाच नाही, महाराज. मग मेला कसा? आणि याचा आत्मा तुम्ही कुठून आणला?"

त्यांनी त्या चेहऱ्याची चित्रं लोकांत वाटली. पहिल्या रेषांपासून पूर्ण चेहऱ्यापर्यंत.

"नेटवर्क... शंकेमुळे दुष्ट तरंग..." महाराज बोलू लागले, पण आम्ही आधीच कळवलं असल्यामुळे आलेले पोलीस पडद्यामागे पोहोचले होते. तिथे प्रोजेक्टर होता, धुराचं यंत्र होतं, लॅपटॉप होता. लॅपटॉपमध्ये एकेका मृताच्या नावाची फाइल आणि सगळ्या फाइलींत तीच वाक्यं. फक्त नाव आणि आजार बदललेला. आचलचीही होती. महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक बाई मॅडमपाशी येऊन हळूच म्हणाली, "खोटं तर खोटं, ताई. माह्या पोराचं एकडाव लावता का?" मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे हात धरले आणि नाही म्हटलं.

मावशी माझ्याकडे बघत होती. "तू माही पोरगी दुसऱ्यांदा नेली, रश्मी," ती म्हणाली. रागानं नाही. मग काकांना म्हणाली, "चाला, दवाखान्यात."

अकोल्याला पोचेपर्यंत तिच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी लगेच डायलिसिसचं मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी तिला थोडं बरं वाटलं. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, "आवाज तर तिचाच होता न?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"आवाज तिच्यासारखा होता, मावशी. बोलणं तिचं नव्हतं. आचल तुला दवाखाना सोड, असं कधीच म्हटली नसती."

"नसती म्हटली," मावशी म्हणाली आणि डोळे मिटून मान हलवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आमच्या पेपरनं भंडाफोड पाचव्या पानावर छापला. चमत्कार ज्यांनी पाहिला, त्यातल्या कितीजणांनी तो वाचला असेल?

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याही फोनवर उद्या एखादा चेहरा बोलेल, एखादा ओळखीचा आवाज येईल. गहिवर येईल, येऊ द्या. पण तो चेहरा काही करायला सांगू लागला, औषध सोडायला, कुणाचा द्वेष करायला, कुणाच्या पाया पडायला, तर थांबा आणि विचारा : हे कुणी बनवलं, कुठून आलं, यात फायदा कुणाचा? डॉक्टरला विचारल्याशिवाय औषधाची एक गोळीही बंद करू नका. गेलेली माणसं आपल्याकडे काही मागत नाहीत. त्यांच्या तोंडून मागणारा नेहमी जिवंत असतो, आणि पडद्यामागे बसलेला असतो.