बाईंचा आवाज बसला

एकाहत्तर सालच्या श्रावणात मनकर्णाबाई नगरहून बदलीवर कोपरगावजवळच्या एका खेड्यात आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी चौथीच्या वर्गाला हसून नावं विचारली.

"आं?" अख्खा वर्ग म्हणाला.

बाईंनी मोठ्यानं विचारलं. एकवीस पोरांनी एकवीस हात कानामागे नेले. "आं?"

बिचाऱ्यांच्या कानांना काहीतरी झालंय, असं समजून बाई तीन दिवस बेंबीच्या देठापासून ओरडून शिकवत राहिल्या. मग हेडमास्तर राधाकृष्ण गुरुजींकडे गेल्या.

"सर, मुलं ऐकत नाहीत."

"पोरं कुठं कुणाचं ऐकतात, बाई!" गुरुजी पानाला चुना लावत म्हणाले.

"तसं नव्हे. त्यांना ऐकूच येत नाही."

"सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

बाहेर येतात तो चिंचेखाली तीच पोरं हळू आवाजात कुजबुजत होती आणि फिदीफिदी हसत होती. कान ठणठणीत होते. आपणच यांना नको होतो. खोलीवर जाऊन त्या पोटभर रडल्या. पण येऊन आठवडाही झालेला नसताना बदलीचा अर्ज कुठल्या तोंडानं करणार? दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा ओरडायला उभ्या राहिल्या. शिवाजी महाराज आग्र्याला मिठाईच्या पेटाऱ्यात बसले, इथवर आल्या आणि बाईंच्या गळ्यातून आजारी कोंबडीसारखा एक आवाज निघाला. मग तोही बंद.

पुढच्या सकाळी त्या फळ्यावर नुसतं लिहीत होत्या, तेवढ्यात साळूबाई हातात खुरपं घेऊन वर्गात शिरली. शाळेला लागून तिचं कांद्याचं वावर होतं.

"ओ बाई, आवाज का बंद केलाय? काल महाराजांना पेटाऱ्यात बसवलं अन् तसंच सोडलं! माज्या बाया खुरपायच्या थांबल्यात. म्हनत्यात, आदी महाराजांना भाईर काडा."

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं, मग पोरांकडे, मग कानाकडे.

"कान गेलं ह्यांचं?" साळूबाईनं वर्गावर नजर फिरवली आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "भाजलेल्या शेंगा कुनाला पायजेत?"

एकवीस हात वर गेले.

सगळ्यात उंच हात कडूचा होता. दहा वर्षांची कडू या बेताची म्होरकी. साळूबाईनं खुरपं तिच्याकडे रोखताच ती रडकुंडीला आली. "तुमी कटाळून गेल्या की जुनं गुरुजी परत येतील, असं आमाला वाटलं, बाई. ते आमाला रोज हुतुतू खेळवायचे."

"त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली," बाईंनी फळ्यावर लिहिलं. कडूचं नाक वाहू लागलं.

बाईंनी तिला रुमाल दिला, खिडकीजवळच्या बाकावर उभं केलं आणि पुढची गोष्ट तिच्या कानात सांगू लागल्या. कडू ती वावराकडे तोंड करून ओरडू लागली.

"पेटारा उचलला! पहारेकरी म्हनला, आत काय हाय?" इथं बाई खोकल्या, पण कडूला धीर कुठला? "महाराज आतून म्हनले, पेढं हायेत!"

वावरातून बायांच्या हसण्याचा लोट आला. बाईही पोट धरून हसल्या, आवाज न काढता.

"बाई, उद्या मी ओरडू?" गोरक्षनं विचारलं. त्याच्यामागे रांग लागली.

बाईंचा आवाज तिसऱ्या दिवशीच परत आला. पण त्यांनी शनिवारपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.