मेलेल्या ताऱ्याचं वारं

पुंजारामला पीएच.डी. मिळाली आणि दोन हजार चारच्या जानेवारीत हसनाबादच्या लोकांनी त्याचा सत्कार ठेवला. गडी फुगून टम्म! पण हारतुऱ्यांपेक्षा त्याला एकच हौस होती. आपण काय करतो ते बापाला एकदा तरी कळावं. वडील कारभारी सहा वर्षं गावभर सांगत होते, "पोरगं पुण्याकडं रेडिओ दुरुस्त करतं." त्यामुळं सुट्टीत हा शास्त्रज्ञ आला की लोक बंद पडलेले ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. एक त्यानं उघडलाही होता. तो पुन्हा कधी बोलला नाही.

म्हणून भाषणात त्यानं जीव ओतला. मोठाल्या अँटेना, त्यांनी पकडलेल्या रेडिओलहरी, त्यातून आजवर कुणी काढलं नव्हतं इतकं बारीक, स्पष्ट चित्र. इंग्रजी टाळायचं म्हणून हा पंडित सोप्या मराठीत शिरला. "तारा मेला तरी गरगर फिरत राहतो. त्याच्यातून वारं सुटतं. त्या मेलेल्याच्या वाऱ्याचा फोटो काढलाय मी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत कारभारी ताठ बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची दुर्गाबाई सुनेला, शिवकन्येला, धरून दारात हजर.

"हिला मेलेल्याचं वारं लागलंय, बाबा. आठ दिस झाले, ताप उतरून न्हाई राह्यला. तू पकडतो म्हणं."

पुंजारामनं कपाळावर हात मारला. एवढं शिकून शेवटी भगत झालो की! तो तोंड उघडणार, तोच ओसरीवरून कारभारी गरजले, "बराबर जागी आलात. फोटू काढलाय माझ्या पोरानं वाऱ्याचा, फोटू!"

बापाच्या आवाजात असा अभिमान त्यानं जन्मात ऐकला नव्हता. खरं सांगावं तर तो अभिमान आत्ताच जाणार. न सांगावं तर पोरगी तापानं फणफणलेली.

"काकू, माझं यंत्र लय दूरचं वारं पकडतं," तो म्हणाला. "जवळचं मला बिलकुल कळत न्हाई. हिला जल्दी भोकरदनला दवाखान्यात न्या."

काय शक्कल काढली! तो स्वतःवरच खूश झाला.

कारभारींनी मान डोलावली. "खरंय त्याचं. जवळचं न्हाई दिसत त्याला. त्याची माय सहा महिने खाटेवर पडल्ती, तव्हा बी मलाच तार करावी लागली."

टोमणा नव्हता तो. अभिमान तसाच होता, म्हणून तर पुंजारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खाली मान घालून चपला घातल्या आणि शिवकन्येसाठी जीप बघायला स्टँडकडं निघाला.