मावशींचे अकरा सेकंद

मित्रांनो, स्वस्थ राहणे माझ्या प्रकृतीतच नाही. तळहातात मावणारे, कळ दाबताच धावू लागणारे मी एक जुने स्टॉपवॉच आहे. एका वृद्ध कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझी चक्रे जुळवली. तारुण्य क्रीडांगणावर सरले. विजेत्यांच्या जोडीने माझेही कौतुक झाले. नवी घड्याळे आली, तशी मी अडगळीत पडले. तेथून मला उचलले ते एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यातील नव्या व्यवस्थापकांनी.

तेथे बारा जणी एका लांब मेजाशी बसून छापील पानांच्या घड्या क्रमाने रचीत आणि गठ्ठा शेजारणीकडे सरकवीत. साहेब प्रत्येकीच्या पाठीशी उभे राहून माझी कळ दाबत. माझी टिकटिक कानी पडताच सराईत बोटेही अडखळत. दोष मात्र बोटांचा ठरे. त्या बारा जणींतल्या एक मावशी तर प्रत्येक पुस्तकामागे अकरा सेकंद अधिक घेत.

“मावशी, हे अकरा सेकंद जातात कुठे?”

“जातील कुठे, साहेब? त्यांना काय पाय फुटलेत?”

मेजाभोवती हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. “उद्यापासून खोकी बांधा. तिथंही असंच चाललं, तर घरीच बसा!”

मावशी उठल्या. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आजी मात्र हातातली घडी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहू लागल्या.

चौथ्या दिवशी एका शाळेने ढीगभर पुस्तके परत पाठवली. प्रत्येकात एक घडी उलटी! मला मुठीत आवळून साहेब खोक्यांपाशी गेले.

“तुम्ही मेजाशी होता, तेव्हा असं कधीच कसं झालं नाही?”

मावशींनी आधी दोरीची गाठ आवळली. “आजींना हल्ली धूसर दिसतं. त्यांची उलटी लागलेली घडी मी सरळ करायची. सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना ठेवलं असतं?”

“आणि तुमचंच काम गेलं असतं म्हणजे?”

“माझे डोळे शाबूत आहेत, साहेब.”

माझे काटे सैरभैर झाले. आयुष्यभर मी सेकंद मोजले. त्यांच्या पोटात काय दडलेले असते, हे मला कधी दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आजींना शिलाईकडे बसवले. सुईत दोरा मावशी ओवून देत. पुढची वाट आजींच्या बोटांना पाठ होती. मावशींना त्यांची जागा परत मिळाली. मग मला बाजूला ठेवून साहेब स्वतः मेजाशी बसले आणि घड्या रचू लागले.

“अहो साहेब, ती उलटी!” मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, मोजमाप अवश्य करा. परंतु कोणाच्या हातांवर घड्याळ रोखण्यापूर्वी घटकाभर त्याच्या शेजारी बसा, त्याला विचारा. आणि तो खरे सांगेल, इतके निर्भय त्याला होऊ द्या.