आईच्या नावाचा जंत

दर रविवारी चहाचा कप खाली ठेवला, की बाबा लेकीला विचारायचे, "बघ गं, कुणी आठवण काढली का?"

आठवण म्हणजे संदर्भ. जगात कुठंतरी कुणा संशोधकानं आपल्या निबंधात यांच्या निबंधाचा उल्लेख केला का, एवढंच त्यांना हवं असायचं. बाबांनी उभा जन्म परजीवी जंतांवर घालवला, साठाच्या वर शोधनिबंध छापले, आणि जगानं त्यातल्या एकालाच विचारलं. बाकीचे कपाटात पडून होते. आता याला कुणी काय करावं!

तो एक निबंध रानबदकाच्या आतड्यात सापडलेल्या पट्टकृमीवर होता. जंत नवा, तेव्हा नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. बाबांनी बायकोचं नाव ठेवलं. त्या विद्येत हा मोठा गौरव, पण आईला कुणी पटवावं! "लोक बायकोला दागिने करतात, यांनी मला जंत केलं," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. त्या निबंधाच्या प्रतीला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. बाबांच्या तोंडी तिचं नाव आलंच, तर या जंताच्या निमित्तानं यायचं.

लेक बापाच्याच वाटेनं गेलेली, त्याच विषयात, त्यांच्याच जुन्या प्रयोगशाळेत. नव्या बदकांतले जंत आणि बाबांचे जपून ठेवलेले नमुने तिनं जनुकांच्या तपासणीला लावले, आणि उत्तर आलं ते भलतंच. आईच्या नावाचा जंत वेगळा नव्हताच. फार पूर्वी कुणीतरी नोंदवलेलाच तो जंत होता, फक्त खुरटलेला. एकाच आतड्यात दाटी झाली की हे जंत लहान राहतात. बाबांनी त्या खुरटेपणालाच वेगळेपण मानलं होतं. आणि एका जंताला दोन नावं पडली, तर पहिलं टिकतं, मागाहूनचं रद्द होतं.

तिनं पुन्हा तपासलं. उत्तर तेच. निबंध लिहून झाला, पण पाठवायला हात धजेना.

"थांब की जरा," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "ते पिकलं पान. नंतर छाप. त्यांना कळायचंही नाही."

बोलली ती मायेनंच. पण थांबायचं म्हणजे नेमकी कशाची वाट बघायची, हे मनात आलं आणि लेकीला स्वतःचीच शिसारी आली. शिवाय दूर कुठंतरी दोन तरुण संशोधक या जंताला वेगळा धरून त्याच्यावर औषध शोधत होते. त्यांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि ते थांबवणं जगात एकट्या हिच्याच हाती होतं.

त्या रविवारी बाबांनी "बघ गं" म्हटलं, तेव्हा तिनं संगणक उघडलाच नाही. समोर बसून सगळं सांगितलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझी तपासणी चुकली असेल." उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस जेवायला यायचे, जेवायचे, जायचे.

मग एके दिवशी भर दुपारी काठी टेकत ते प्रयोगशाळेत हजर! कुणाला काही न विचारता तिच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसले.

"माझ्या नमुन्याची काच लाव. मग तुझ्या."

तिनं लावली. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. एक काच, दुसरी, पुन्हा पहिली.

"त्या एका बदकात मूठ भरून निघाले होते," डोळा न काढता ते म्हणाले. "मी नाचलो होतो गं. म्हटलं, काय नशीब! एवढे नमुने एका दमात. दाटी दिसत होती डोळ्यांना, पण आनंदात लक्षात कोण घेतो?"

"बाबा, आईचं नाव पुसलं जाणार नाही. खऱ्या नावाखाली, रद्द नावांत ते कायम राहील."

"मला शिकवतेस होय!" ते खेकसले आणि लगेच निवळले. "तुझी आई म्हणेल, सुटले. जन्मभर किळस करायची त्याची."

दोघं हसली. हसता हसता लेकीला रडू फुटलं, आणि बाबांनी तिला रडू दिलं.

"लेखक कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

"माझं नाव घाल. तुझ्यामागे. चूक माझी, ती निस्तरताना मी घरी बसायचं? शोभतं का ते?"

तिनं त्यांचं नाव घातलं. मग त्यांनी रद्द नावांची ओळ कुठे येते ते विचारलं, खुर्ची संगणकापुढे ओढली आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, बायकोचं नाव लिहिलं. नीट लिहिलं गेलं ना, ते चष्मा वर करून पाहिलं. बोट कळीवर तसंच राहिलं.

"पुढचं तू लिही बाळा," ते म्हणाले. "रद्द म्हणून. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ते तोंड फिरवून बसले, आणि तिनं लिहिलं.