आत्याचा हिस्सा

सूर्यभान गेले, पण बेहिशेबी मालमत्तेची चौकशी त्यांच्याबरोबर गेली नाही. घर बायकोच्या नावावर होतं. नवऱ्याच्या पगारात न बसणारं एवढं घर कुठून आलं, हे आता तिनं सिद्ध करायचं होतं. उत्तर एकच होतं: सिल्लोडची वडिलोपार्जित जमीन विकून. पण त्या जमिनीत सूर्यभानच्या थोरल्या बहिणीचा, कस्तुराबाईचा निम्मा हिस्सा होता. तिनं तो आपण होऊन सोडला असेल, तरच घर वाचत होतं.

म्हणून मुलगी, सायली, आत्याला गाडी घेऊन आणायला गेली. वाटेत दोनदा चहा पाजला. ऊन लागतंय का, म्हणून विचारलं.

कचेरीत चौकशीच्या साहेबांनी हक्कसोडीचा कागद पुढं सरकवला. "आजी, भावानं फसवून अंगठा घेतला असेल तर सांगा. भिऊ नका."

सायलीनं खाली पाहिलं. अंगठा घेतला तेव्हा ती तिथंच ओट्यावर बसली होती. "अक्का, विहिरीवर लाईट घ्यायचीय," बाबा म्हणाले होते.

"फसवून कशाला घेईल?" कस्तुराबाई म्हणाली. "राजीखुशीनं दिला."

"बदल्यात काय मिळालं?"

"साडी. लई चांगली व्हती. गुलमंडीच्या बाजारातली."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सायली म्हणाली, "आत्या, ते लाईटचं..."

"त्या रानात विहीर तरी व्हती का?" आत्या हसली. "मला येडी समजतीस व्हय?"

"मग आत का नाही सांगितलंस?"

"मेलेल्या भावाला चोर म्हणू? आन तू लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या दारात आलीस. वर इतकी गोड बोलाया लागलीस. तवाच समजलं, कायतरी पायजे."

सायलीला बाबांचा राग यायला हवा होता. आला नाही. आतून नुसतं हायसं वाटत होतं, आणि ते लपवायला काहीतरी बोलायचं म्हणून तिनं म्हटलं, "घरी चल ना. तू घर पाहिलंच नाहीस."

"नको बाई. पाहिलं म्हंजी मन व्हतं. मला स्टँडवर सोड."

पाहुण्यानं नको म्हटलं की पुन्हा आग्रह करायचा असतो, निदान हात तरी धरायचा. कस्तुराबाई तेवढ्यापुरती थांबलीही. सायलीनं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, आणि बसस्टँडचा रस्ता धरला.