शालूबाईची रविवारची झोप

लोणावळ्याच्या त्या छोट्या चर्चमध्ये शालूबाई झोपते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं गीत संपून लोक खाली बसले की हिची मान कलायची, आणि पाळकांचा उपदेश रंगात येईपर्यंत ही मागच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून गाढ. एकदोनदा तर चांगली घोरलीसुद्धा. बायका एकमेकींना कोपरं मारून हसायच्या.

आता ती का झोपायची, ते कुणी विचारलं होतं? छे. हसायला काय लागतं?

तिचं घर भुशीला. नवरा हनुमंत. नाव ऐकून चमकू नका. त्याचे आजोबा ख्रिस्ती झाले, पण घरातली नावं जुनीच चालत आली. दोन वर्षांपूर्वी एका बंगल्याचे पत्रे बदलताना हनुमंत वरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी बजावलं, दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी याची कूस बदलायची, नाहीतर पाठ सडेल. पहिल्या हिवाळ्यात एकदा शालूबाईला गजर ऐकू आला नाही. ती सकाळपर्यंत झोपून राहिली. पाठीला जखम झाली, चिघळली, आणि हनुमंत महिनाभर मरणाच्या दारात होता. तेव्हापासून बाईने झोप अशी घेतलीच नाही. तळेगावची लेक, पिंकी, मदतीला येऊन राहिली, तर चार दिवसांत तिला परत पाठवलं. "तुला न्हाई जमायचं," एवढंच सांगितलं. आल्यागेल्या प्रत्येकाला हेच. रविवारी तेवढे शेजारचे कोंडाजी आबा हनुमंतजवळ बसायचे. ही जाताना त्याची कूस बदलून जायची आणि दोन तासांच्या आत धापा टाकत परत यायची.

प्रार्थना करायची, नाही असं नाही. पण मागणं एकच, देवा, ताकद दे. पाळकांनाही तेवढ्याचसाठी प्रार्थना करा म्हणायची. दुसरं काही मागता येतं, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

चर्चमध्ये इंदिराबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. गीतं त्या सांगायच्या आणि शिस्तही त्याच लावायच्या. जीभ अशी, की माणूस जागच्या जागी गार. एका रविवारी त्यांनी दारातच शालूबाईला गाठलं आणि चारचौघांत सुनावलं, "झोपायचंच असेल तर घरी झोपावं, शालूबाई. देवाचं घर म्हणजे धर्मशाळा नव्हे."

शालूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  देवाच्या दारात जाऊन आपण दर आठवड्याला पाप करतो, हे तिला आधीच डाचत होतं. आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. घरी येऊन नवऱ्याला काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी गुडघा दुखतो म्हणाली आणि गेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. हनुमंत दोन्ही वेळा नुसता बघत राहिला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

तिसऱ्या रविवारी पाळकांनी विचारलं, शालूबाई दिसत नाहीत? इंदिराबाईंनी जे झालं ते न लपवता सांगितलं. जीभ तिखट असली तरी बाई खोटी नव्हती. मग पाळकांनी दोन तासांची ती गोष्ट त्यांना सांगितली. इंदिराबाईंना हनुमंत अंथरुणाला खिळलाय एवढंच माहीत होतं. हातातलं गीतांचं पुस्तक त्यांनी तिथेच ठेवलं. म्हणाल्या, चला, आत्ताच जायचं.

भुशीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. रिक्षा हलेना. शेवटी अडुसष्ट वर्षांच्या इंदिराबाई उतरून चालू लागल्या आणि मागून पाळक.

घरात पाऊल ठेवल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही. हनुमंतच्या खाटेसमोरच हात जोडून म्हणाल्या, "चर्चमध्ये झोप लागते म्हणून मी तुम्हाला बोलले, शालूबाई. माझं चुकलं. मला माफ करा."

शालूबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता यालाही कळलं.

"चर्चात झोपायचीस?" हनुमंतने विचारलं.

"व्हय," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"किती येळ?"

 पाळकांनीच सांगितलं, चांगली तासभर, अगदी गाढ.

हनुमंत हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "पाय मी कदी मागितलंच न्हाईत देवाकडं," तो म्हणाला. "दोन वर्सं एकच मागतोय. तू चर्चात गेलीस की हितं पडल्या पडल्या म्हनायचो, येशूबाबा, हिला वाईच नीज दे. त्यानं दिली बघ. आन तू लाजतीस व्हय?"

शालूबाई खाली बसली. दोन वर्षांत ती रडली नव्हती. रडायला वेळ कुठे होता? आज मात्र पदर तोंडात कोंबूनही हुंदका आवरेना. जे पाप म्हणून लपवलं ते नवऱ्याने मागितलेलं होतं, आणि वरच्याने दिलेलं.

तेवढ्यात कूस बदलायची वेळ झाली. ती सवयीने उठली, तर इंदिराबाई खाटेपाशी आधीच उभ्या. मला दाखवा, म्हणाल्या.

"तुमाला न्हाई..." शालूबाईच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडकलं.

"ताकद मागताय, शालूबाई," पाळक हळूच म्हणाले. "देव तर ओझंच घ्यायला उभा आहे. तुम्ही सोडाल तर ना."

तिने दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. इंदिराबाईंनी आणि पाळकांनी मिळून हनुमंतला वळवलं. मग बाईंनी शालूबाईला आतल्या खोलीत पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दचकून ती उठून बसली. बाहेर पुन्हा कूस बदलणं चाललं होतं. इंदिराबाई पाळकांवर वर्गातल्यासारख्या खेकसत होत्या. उशी खाली सरकली वाटतं, कारण हनुमंत सांगत होता, आसं न्हाई बाई, जरा वर घ्या. शालूबाईचे पाय जमिनीला लागले. हात दाराकडे गेला.

तिथेच ती थांबली. बाहेर इंदिराबाई म्हणाल्या, बरं बरं, आता ठीक आहे का? हनुमंत ठीक म्हणाला.

"येशूबाबा, तू हाईस न्हवं तितं," शालूबाई पुटपुटली. तिने पाय वर घेतले, पदर तोंडावर ओढला आणि परत झोपली.